खऱ्या गोंगाटाचा पारखी

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या साडूंइतका संशयी माणूस आजवर झाला नसेल आणि पुढेही होईल असं वाटत नाही. संशयी माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत. पस्तीस वर्षं पेणच्या शाळेत मास्तरकी केली, तेवढ्यात अख्खी कारकीर्द इतरांच्या संशयात घालवलेले दोन मुख्याध्यापक पाहिले. भाजीवाल्याच्या काट्यावर, डॉक्टरच्या गोळीवर, स्वतःच्या जावयावर संशय घेणारे तर घरोघरी असतात. पण आवाजावर संशय घेणारा माणूस मला एकच भेटला. कुठलाही आवाज कानावर पडला की तो खरा की बनावट, याचा निकाल लावल्याशिवाय साडूंना पुढचा घास गिळता येत नसे. त्यांच्या दाराची कडी वाजवून आपण ताटकळत उभे असलो तर आतून आधी शब्द येत, "ही कडी आपली नाय." मग ताईंचा आवाज येई, "आपलीच हाय. काल तेल घातलं तिला." त्यानंतर कुठे दार उघडे.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडू धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स खात्यात फिटर होते, तिथूनच निवृत्त झाले. रोह्याजवळ वरशाला त्यांचं चार खोल्यांचं घर, खांबजवळ वडिलांकडून आलेला शेताचा तुकडा, त्यात आधी भात आणि मग वाल. इथवर सगळं चारचौघांसारखं. पण घराच्या मागच्या खोलीत एक जुना कॅसेट प्लेअर, कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर आणि भिंतभर कॅसेटी होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही गाणं नव्हतं. भजन नाही, लावणी नाही, साधं कोळीगीत नाही. सगळा नुसता गोंगाट.

याची सुरुवात कंपनीतच झाली. ओल्या पावडरीला गरगर फिरवून तिच्यातलं पाणी काढणारं एक अवाढव्य सेंट्रिफ्यूज तिथे आलं, आणि ते बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला. बाकीचे साहेब मीटरचे काटे बघत. हा मात्र स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवून मूठ कानाला लावी. आतलं बेअरिंग बिघडलंय का, हे फिटर लोकांना असंच कळतं. या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं एकाच वेळी माना हलवत, असं पाहणारे सांगतात. जायच्या दिवशी त्याने छोट्या रेकॉर्डरवर यंत्राचा आवाज टिपून नेला. सहा महिन्यांनी साडूंच्या नावाने पोस्टाने कॅसेट आली. तिच्यात तेच यंत्र होतं, पण दहापट मोठं, चिडलेलं, पत्रे फाडत धावत सुटलेलं. साडूंनी ती आम्हा सगळ्यांना बसवून ऐकवली आणि आठव्या मिनिटाला बोट वर केलं. "आता ऐका. हा माझा पाना पडला." मला पाना काही ऐकू आला नाही. पण साडूंचा चेहरा असा झाला होता, जणू भर सभेत कुणी त्यांचं नाव पुकारलंय.

पुढे कळलं की जगात असले आवाज करणारे आणि ते जिवाचा कान करून ऐकणारे पुष्कळ लोक आहेत. लोखंड घासायचं, पिंप बडवायचं, स्पीकरसमोर माईक धरून किंचाळ्या काढायच्या, त्यावर आणखी गोंगाट चढवायचा आणि मोजक्या पन्नासेक कॅसेटी काढून देशोदेशीच्या दर्दी माणसांना पाठवायच्या. याला ते हार्श नॉईज म्हणतात, कारखान्याच्या वळणाने गेलं तर इंडस्ट्रियल. साडू दोन्हींना ‘माल’ म्हणत. रोह्याच्या बाजारात उभं राहून फोनवर मोठ्याने सांगत, "फिनलंडचा माल आलाय. पोलंडचा अडकलाय." त्यावरून वरशात त्यांच्याविषयी काय काय बोललं जाई ते मी इथे लिहीत नाही. पोस्टमन तर त्यांचं पाकीट दोन बोटांत धरून आणी. त्यात त्याची काय चूक? एक कॅसेट खरखरीत पॉलिश पेपरात गुंडाळलेली आली, एक गंजक्या तारेत, आणि जपानहून चक्क सिमेंटचा ठोकळा आला. कॅसेट म्हणे आत आहे, फोडा आणि ऐका. साडूंना लगेच संशय, की आत काहीच नसणार. त्यांनी तो हलवून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला, ओळखीच्या दुकानदाराच्या काट्यावर ठेवून वजन केलं, तेवढ्याच आकाराचा ठोकळा स्वतः ओतून दोन्ही शेजारी मांडले. चार दिवसांनी अंगणात घण घालून तो फोडला. आत कॅसेट होती, पण घणाखाली तिचे तुकडे झाले होते. साडूंनी तुकडे गोळा केले आणि शांतपणे म्हणाले, "पहिली बाजू चांगली होती. घणाची."

ऐकण्याची त्यांची पद्धत ठरलेली. सकाळी न्याहारी झाली की मागची खोली, पाठ ताठ, डोळे मिटलेले, मांडीवर कंपनीतून आणलेली जुनी शिफ्टची वही. त्या वहीत ते परीक्षण लिहीत आणि तेही शिफ्टच्या रिपोर्टासारखं. ‘सातव्या मिनिटाला लोड वाढला. बेअरिंग कोरडी. नट ढिला आहे पण मुद्दाम ठेवलेला वाटतो. पास.’ निकाल तीनच: पास, नापास आणि पुन्हा तपासा. मग फोनवर ते मराठीतून बोलत आणि फोन त्याचं इंग्रजी करून या लोकांच्या चर्चेच्या पानावर टाके. फोन काय इंग्रजी करत असेल ते देव जाणे, पण तिकडच्या लोकांना ते फार पटे. एका फिनलंडवाल्याने लिहिलं होतं की मी लोखंडी पिंप बडवलं आहे. साडूंनी घरातली सगळी पातेली, बादल्या, शेजारचं पिंप आणि गच्चीवरची टाकी बडवून ताडून पाहिलं आणि कळवलं, "पिंप नाही. पाण्याची टाकी आहे. अर्धी भरलेली. पुन्हा तपासा." दोन महिन्यांनी त्या माणसाने कबूल केलं की टाकी होती, आणि अर्धी भरलेलीच होती. तेव्हापासून तिकडे लोक कॅसेट काढताना वरशाचे साडू काय म्हणतील याचा विचार करू लागले.

सर्वांत मोठा संशय त्यांना सुरांचा. कुणी गोंगाटाच्या पोटात एखादी चाल लपवून आणली असेल, या धास्तीने ते एकेक कॅसेट तीन-तीनदा ऐकत. एकदा मी म्हणालो, "अहो, चार सूर जुळले तर बिघडलं कुठे?" तर म्हणाले, "मास्तर, चाल आली की माणूस तिच्या मागून चालायला लागतो. मग ऐकतो कोण?" पण माझा स्वतःचा संशय तसाच राहिला. मला बरीच वर्षं वाटे की या गृहस्थांना यातलं काहीही आवडत नाही. पाहुण्यांनी लवकर उठून जावं म्हणून काढलेली ही युक्ती आहे.

शेवटी मी परीक्षा घ्यायची ठरवलं. आमच्या घरचा मिक्सर, आळीतल्या गणपतीच्या कारखान्यातला रंग मारायचा कॉम्प्रेसर आणि गिरणीचा पट्टा, असं सगळं एका कॅसेटवर भरलं, वर एक परदेशी वाटेल असं नाव लिहिलं आणि मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तिकडून पोस्टात टाकून घेतलं. आठवड्याभरात साडू स्वतः पेणला आले. चहा घेतला. मग कॅसेट टेबलावर ठेवली. "मिक्सर तुमचा हाय. खोबरं सुकं होतं."

ते पुढे म्हणाले, "मिक्सरच्या मागनं एकदा मेव्हणी बोललीय, ‘बंद करा आता ते’ म्हणून. सगळ्या कॅसेटीत तेवढंच खरं हाय. बाकी तुम्ही मला फसवायला म्हणून केलंत, ते ऐकू येतं. नापास." आणि जाता जाता दारात थांबून, "मन लावून केलं असतंत तर पास केलं असतं." त्या दिवसापासून माझा संशय फिटला. या माणसाला खरोखरच ऐकू येत होतं. आम्हाला जिथे नुसता धुरळा दिसे, तिथे त्याला एकेक कण वेगळा दिसत होता.

म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं ते आमच्या लवकर लक्षात आलं नाही. आधी त्यांनी पोलंडचा एक माल नापास केला: ‘लोड कमी.’ मग जपानचा. मग ओळीने पाच-सहा. "सगळे नरम पडलेत," ते म्हणू लागले. "धार गेली. लोखंड घासतात की कापूस, तेच कळत नाय." मग त्यांना संशय आला की आपल्याला मुद्दाम पुसट नकला पाठवतात. मग प्लेअरचा संशय आला, तो चारदा उघडला. मग विजेचा दाब कमी असल्याचा संशय आला. मग त्यांनी आवाजाच्या बटणावर तांबड्या रंगाचा ठिपका मारला, आणि एक दिवस ठिपका जागेवरून हलल्याचं त्यांना दिसलं.

त्या दुपारी ताई हातात एक पिशवी घेऊन पेणला आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही. "मी आवाज कमी करते म्हणतात," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत मी त्यांच्या एका बटणाला हात नाय लावला गो. कान किटले, डोकं उठलं, पण हात नाय लावला. आणि आता मला चोर म्हणतात."

"मग ठिपका कुणी हलवला?" माझ्या बायकोने विचारलं.

"त्यांनीच. रोज जरासं वाढवतात आणि विसरतात." ताईंनी पिशवी खाली ठेवली. "त्यांना ऐकायला येत नाय. कुकरच्या शिट्ट्या जातात, यांना पत्ता नसतो. दारात पाखरं ओरडतात, त्यांच्याकडं बघत पण नायत. मी सांगायचं तरी कसं? ज्याचं सगळंच कानात हाय त्याला कसं सांगायचं?"

त्याहून वाईट गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. त्या जर्मन इंजिनिअरने, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, बऱ्याच वर्षांनी एक नवी कॅसेट काढून पहिली प्रत साडूंना पाठवली होती. आणि साडूंनी सगळ्या जगासमोर लिहिलं होतं, ‘यंत्र बंद आहे. रिकामी कॅसेट पाठवली. विश्वास तुटला. नापास.’ तेव्हापासून त्या माणसाचं एक अक्षर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीने रोह्याला गेलो आणि तिथून रिक्षाने वरशाला. बराच वेळ कडी वाजवली तेव्हा साडूंनी दार उघडलं. दाढी वाढलेली, गॅसवर चहा उतू गेलेला. ताईंचं नाव न काढता त्यांनी मला सरळ मागच्या खोलीत नेलं. "तुम्हीच ऐका. आणि सांगा मी खोटं लिहिलं का." त्यांनी ती जर्मन कॅसेट लावली.

खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. स्टुलावरचा ग्लास सरकत कडेला गेला. मी दोन्ही कान दाबून धरले. आणि साडू माझ्यासमोर उभे राहून शांतपणे म्हणत होते, "बघा. हाय का काही?"

मला त्या गोंगाटात बोलणं शक्य नव्हतं. आणि बोलून तरी काय? मी त्यांचा हात धरला आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवला. आधी त्यांनी रागाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. त्यांची बोटं, मनगट, शर्टाची बाही, सगळं थरथरत होतं. फिटरच्या हाताला काही सांगावं लागत नाही. कॅसेटची बाजू संपली, खटका पडला, थरथर थांबली, तेव्हा त्यांनी हात काढला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ताईंना विचारा," मी शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणालो.

त्यांनी शर्ट बदलला, गॅसची टाकी बंद केली आणि माझ्याबरोबर निघाले. गाडीत अख्ख्या वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. नागोठण्याला एक ट्रक अगदी शेजारून हॉर्न वाजवत गेला, सगळी गाडी दचकली, एकटे ते दचकले नाहीत. मी दुसरीकडे पाहिलं.

आमच्या घरी ताई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. साडू समोर जाऊन उभे राहिले. हा माणूस आता माफी मागणार असं मला वाटलं. पण जन्मभराची सवय कशी सुटणार? त्यांनी संशयच घेतला. "मला कमी ऐकायला येतं हे तुला ठाऊक होतं. मग सांगितलं का नाय?"

ताई वर न बघता मोठ्याने म्हणाल्या, "सांगितलं. तीनदा सांगितलं."

"कधी?"

"तुम्हाला ऐकायला नाय आलं."

माझी बायको हसू दाबत आत गेली. साडू तिथेच पायरीवर टेकले आणि त्यांनी ताईंच्या सुपातले वाल सोलायला घेतले. त्याहून मोठी माफी मी अजून पाहिलेली नाही.

कानाच्या डॉक्टरबाईंनी त्यांना एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिल्यांदा निकाल इतका चांगला आला की डॉक्टरबाईंना नवल वाटलं. मग लक्षात आलं की साडू काचेतून त्यांच्या हाताकडे बघून बटण दाबत होते. दुसऱ्यांदा त्यांना पाठमोरं बसवलं. निकाल आला: बारीक, वरचे आवाज जवळजवळ गेलेले, खालचेही बरेच मंदावलेले, दोन्ही कानांतून. थोडं वय, थोडी कंपनी, थोड्या कॅसेटी. कुणाच्या वाट्याला किती, ते सांगता येत नाही म्हणाल्या.

मग कानातलं यंत्र आलं आणि त्याने एक नवीच पंचाईत केली. ते लावून साडूंना ताईंचं कुजबुजणंसुद्धा ऐकू येऊ लागलं. पण कॅसेट लावली की सगळं दूर, गादीखाली दडपल्यासारखं. ते डॉक्टरबाईंकडे तक्रार घेऊन गेले. बाईंनी समजावलं की हे यंत्र माणसाचं बोलणं पुढे आणतं आणि मागचा गोंगाट आपणहून कापतं. ते त्याचं कामच आहे. साडूंनी यंत्र काढून तळहातावर घेतलं. "माझ्या कानात बसून हे काय ऐकायचं ते ठरवणार?" बाई भल्या. त्यांनी यंत्राला दुसरी सोय करून दिली, बटण दाबलं की काही न कापता सगळं आत यायचं. साडूंनी घरी येऊन जर्मन कॅसेट लावली, बटण दाबलं आणि वहीत लिहिलं, ‘खालचा अर्धा भाग उत्तम. वरचा अर्धा मला दिसत नाही. दोष तपासणाऱ्याचा.’

मग त्यांनी वर्षभरात नापास केलेल्या प्रत्येकाला एकेक पत्र लिहिलं. फोनवरून नाही, कागदावर, मराठीत, आणि इंग्रजी मी करून दिलं. सगळ्यांत लांबलं जर्मन इंजिनिअरचं पत्र. ते चारदा फाडून पाचव्यांदा झालं आणि शेवटी त्यात दोनच ओळी उरल्या. ‘तुमचं यंत्र चालू होतं. माझं बंद पडलं होतं.’ बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची उत्तरं आली, काहींनी तर त्यांनाच धीर दिला. जर्मनीहून अजून काही नाही. पत्ता बदलला असेल, प्रकृती बरी नसेल, राग गेला नसेल. साडू आता यावर कुठलाच तर्क करत नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन आलो. जेवणं झाली, ताईंनी वालाचं बिरडं डब्यात भरून दिलं आणि साडू मला सोडायला रोह्याच्या स्टँडपर्यंत आले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी माझ्या गुडघ्याचं, पेणच्या पाण्याचं, असंच काहीबाही सांगत होतो. ते नेहमीसारखे भलतीकडे बघत होते. एकदम माझ्याकडे वळले आणि नवीन आलेल्या पाकिटाकडे बघावं तसे बघू लागले.

"मास्तर, तुमचा आवाज एवढा म्हातारा कधी झाला?"

मी म्हणालो, "झाली की चार-पाच वर्षं."

समोर गाडी लागली, लोक चढायला लागले. मी डबा सांभाळत उठलो, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "पुढच्या रविवारी जरा लवकर या. कॅसेट लावणार नाय. बसू, बोलू."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरून असं बोलावणं मला पहिल्यांदाच आलं होतं. इंजिन सुरू झालं होतं, कंडक्टर घाई करत होता. येतो, मी म्हणालो, नेहमीच्याच आवाजात. आणि त्यांना ते ऐकू गेलं.